गयास मिस्त्री आणि जहागीरदाराचं विमान

गयास मिस्त्री कुणाच्या मळ्यात मोटर दुरुस्तीला गेला, की आधी विहिरीकडे जायचाच नाही. आधी गोठ्याला एक चक्कर. छपरावर टाकलेला पत्रा, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, दाराची खीळ, सगळं डोळ्यांनी चाळून घ्यायचा. तिकडे मालक ओरडतोय, "ओ मिस्त्री, मोसंबी वाळून चालली! मोटर हिरीत हाय, गोठ्यात न्हाई!" आणि हा बाबा म्हशीच्या पोटाखालून वाकून गव्हाण बघतोय. एकदा एका म्हशीनं अशी लाथ घातली की बरेच दिवस त्याला एकाच कुशीवर झोपावं लागलं. पुन्हा त्या मळ्यात गेला तेव्हा म्हशीला लांबूनच सलाम केला आणि उरलेला अर्धा गोठा बघून घेतला. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

तर तो शोधत काय होता? विमान. हसू नका. विमानच.

आमच्या वाटूरकडच्या जहागीरदाराकडे निजामाच्या काळात स्वतःचं विमान होतं. दोन माणसांचं, छोटं. माळावर उतरायचं आणि उडताना असं किंचाळायचं की लोकांनी त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं. ते सांभाळायला होते गयासचे वडील, अब्दुल रहीम मिस्त्री. पुढे निजामाचं राज्य गेलं, जहागीरदार हैदराबादला निघून गेला, आणि जाताना रहीम मिस्त्रीला म्हणाला, "संभाल के रखना." काही दिवसांनी त्याची माणसं विमान बघायला आली, तर माळ मोकळा. नुसता चाकांचा चर. रहीम मिस्त्रीला विचारलं, तर तो गप्प. मारलं, तरी गप्प. मग गावानं आपला निकाल लावून टाकला, की मिस्त्रीनं विमान भंगारात विकलं.

गयास लहान होता तेव्हाच ताप डोक्यात जाऊन मिस्त्री वारला. विमान काही बोललं नाही आणि मिस्त्रीही काही बोलला नाही. मागे राहिलं ते गावाचं तोंड. "बापानं इकलं, पोरगं धुंडतंय." हे वाक्य गयासनं शाळेत ऐकलं, बाजारात ऐकलं, लग्नात जेवायला बसल्यावर ऐकलं. घरात त्याची आई, लालबी. विमानाचा विषय निघाला की ती उठून आत जायची. गयासला वाटायचं, अम्माला पण तेच वाटतं. म्हणूनच ती उठते.

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीला आलेल्या माणसाला बापाच्या विमानाचं काय एवढं? पण लालबी नव्वदीच्या पुढे गेली होती. गयास मला म्हणायचा, "परसाद, अम्मा के सामने एक बार साबित होना. बाद में मैं भी मोकळा."

आणि गंमत बघा, त्याला जे जे सापडलं, त्यानं त्याचं काम उलट बिघडवलंच. तीर्थपुरीत धर्मराज नावाच्या शेतकऱ्याकडे कोंबड्या ज्या वाकड्या पत्र्यात पाणी पीत होत्या, तो विमानाच्या नाकावरचा पत्रा निघाला. गयासनं कोंबड्या हाकलल्या आणि पत्रा छातीशी धरला. धर्मराज बायकोला म्हणाला, "अगं, दार लाव. मिस्त्रीला ऊन लागलंय." त्याच्या आजानं तो पत्रा बाजारातून आणला होता. दुसऱ्या एका गावात एका हातगाड्याला विमानाचं चाक होतं. तेही बाजारातूनच आणलेलं. गयास घरी आला की लोक म्हणायचे, "बघा, तुकडे तुकडे करून इकलं. आता तर साबितच झालं!"

मागच्या उन्हाळ्यात त्याला पुण्याहून एका मुलीचा फोन आला. मोनाली तिचं नाव. जुन्या खासगी विमानांचा माग काढणं हा तिचा छंदही आणि कामही. त्या विमानाचं इंग्रजी नाव ती सांगायची. आमच्या जिभेला त्यातलं ‘हॅलवेल’ एवढंच वळलं. तसली विमानं मुळातच मोजकी बनली. आज जगात दोनच उरली आहेत, एक इंग्लंडात आणि एक ऑस्ट्रेलियात कुणा शेतकऱ्याच्या गोदामात. तिसरं आमच्याकडे होतं याचा एक जुना फोटो तिला मिळाला होता.

ती आली. गयासनं तिला पत्रा दाखवला, चाक दाखवलं. तिनं दोन्ही नीट पाहिलं आणि म्हणाली, "काका, पण तुम्ही सगळीकडे लोखंड-पत्राच शोधताय. हे विमान लाकडी होतं. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड. पत्रा फक्त नाकाला."

गयासनं पत्र्यावरचा हात काढून घेतला. जन्मभर भंगारवाल्यांच्या दारात बसला होता तो!

"लाकूड?" मी म्हणालो. "मंग तर वाळवीनं खाल्लं असंल, पोरी."

"कोरड्या जागी, हवा न लागता ठेवलं असेल तर टिकतं, आजोबा. तुमच्याकडे अशी जागा कुठली?"

आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत बसलो. सुचलं काहीच नाही. सुचायला हवं होतं, पण समोरची वस्तू आम्हाला नेहमीच उशिरा दिसते.

मोनालीनं आणखी एक विचारलं. "तुम्ही विचारलंत कुणाकुणाला?"

गयासनं नावं सांगितली. पाटील, कोतवाल, सुतार, भंगारवाले, मास्तर. सगळे पुरुष.

"बायकांना?"

"बायांना इमानाचं काय कळतंय?" मी म्हणालो. आणि गयासचं म्हणाल, तर त्यानं कुणाच्या माजघरात शिरून म्हाताऱ्या सासुरवाशिणींना विचारायचं कसं? आमच्या पिढीत तसं कुणी करत नाही.

ती पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाटूरच्या स्वयंपाकघरांतून फिरली. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर. कुठे चहा, कुठे शेंगा. काकासाहेबाच्या घरी ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. काकासाहेब म्हणजे आमच्याकडचा मोठा बागायतदार, जुन्या धान्य व्यापाऱ्याचा नातू. आतून त्याच्या आईचा, द्वारकाबाईचा आवाज ऐकू आला.

"इमान? त्ये आमच्या मागल्या पेवात हाय की."

गयासच्या हातातली शेंग खाली पडली.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांना सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेली ज्वारीची कोठी. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत पोट मोठं. कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं दाण्याला काही होत नाही.

आम्ही लाज सोडून दारात गेलो. द्वारकाबाई जात्याच्या बाजूला पाय पसरून बसली होती.

"मामी," गयासनं दाराला धरून विचारलं, "तुमाला कसं मालूम?"

"मी नवी नवरी आल्ते तवा सासूबाईनी सांगितल्तं. त्या पेवाला हात लावायचा न्हाई, त्यात रहीम मिस्त्रीची अमानत हाय. तुझा बाप आन् माझा सासरा दोस्त व्हते न्हवं का? दोघायनीच भरलं. मिस्त्री म्हणल्ता, जहागीरदार सोता आला तरच देईन."

"मंग इतकी वर्सं बोलल्या कामून न्हाई?"

"मला कुणी इचारलं?" म्हातारी म्हणाली. "तू सतरा येळा आला. ओट्यावर बसला, चहा पिला, गेला. आत कधी आला?" मग तिनं मागच्या दाराकडे मान वळवली. "पर आता जल्दी कर बाबा. काकासाहेब तीच जागा सपाट करून राह्यलाय. मंगल कार्यालय बांधायचंय, आज भूमिपूजन हाय त्याचं."

मागून जेसीबीचा आवाज येतच होता. आम्ही सकाळपासून तो ऐकत शेंगा खात होतो!

गयास पळाला. सत्तरीचा माणूस, पायात स्लिपर, एक स्लिपर वाटेतच राहिली. घरामागच्या वाडग्यात, त्या मोकळ्या आवारात, मुरमाचा टिप्पर उभा होता, जेसीबीवर प्रितम नावाचा पोरगा होता, आणि जेसीबीचं बकेट मुरमानं भरून बरोबर पेवाच्या तोंडावर आलं होतं. दगड बाजूला सारलेला. खाली काळं भोक.

गयास जाऊन त्या भोकाशेजारी बसला. नुसता बसला. बकेट डोक्यावर.

"ओ चाचा!" प्रितम ओरडला. "मरायचंय का?"

काकासाहेब तावातावानं आला. "मिस्त्री, उठ. गुरुजी येऊन राह्यलेत, मुहूर्त हाय. तुझं येडं उद्या काढ."

"साहेब, एक बार खाली उतरू द्या."

"खाली काय हाय? माझ्या जल्मापासून त्ये पेव रिकामं हाय!"

"तू कधी उतरलास?" मी विचारलं.

"रामप्रसाद, तू गप बस. तुमी दोघं म्हातारे माझ्या मुहूर्ताला हितं मरून पडायला आलात का? प्रितम, घे रे बकेट बाजूला, याला उठवतो." आणि खरंच त्यानं गयासच्या काखेत हात घातला.

तेवढ्यात द्वारकाबाई काठी टेकत पोचली, मोनालीच्या खांद्यावर हात ठेवून. "काकासाहेब! हात काढ."

"आई, तू आत जा."

"आपल्या घरची रीत काय हाय? पेव बुजवायच्या आधी शेवटली ओंजळ भाईर काढायची, झाडायचं, हळद-कुकू वाहायचं, मंग माती. भरल्या पेवावर माती लोटतोस? लक्ष्मीला जित्ती पुरतोस?"

"अगं पण त्यात दाणा न्हाई!"

"अमानत हाय. दुसऱ्याची अमानत ही दाण्याहून वरची. आधी काढ. न्हाईतर मी बसते मिस्त्रीच्या बाजूला."

आणि ती खरंच बसायला लागली. काकासाहेबानं कपाळाला हात लावला आणि प्रितमला खूण केली. बकेट बाजूला झालं. पण खरी धास्ती अजून पुढेच होती.

गयासनं टिप्परमधला दोर कंबरेला बांधायला घेतला. मी त्याचा हात धरला. "थांब. पेव बंद किती वर्सं?"

"छोड परसाद."

"सोडत न्हाई. चिमणी आणा."

माझ्या लहानपणी एका पेवात उतरलेला गडी आणि त्याला काढायला उतरलेला त्याचा भाऊ, दोघं एकामागोमाग गेलेले मी ऐकले आहेत. बंद पेवात हवा मरते. डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास येत नाही. माणूस उतरतो आणि गुडघ्यात मोडून बसतो. म्हणून आधी दिवा.

द्वारकाबाईच्या सुनेनं रॉकेलची चिमणी आणली. बादलीत ठेवून दोरानं खाली सोडली. पेवाच्या भिंतीवर पिवळा उजेड खाली खाली गेला. अर्ध्यात पोचला आणि विझला. फुंकर घातल्यासारखा.

मी बादली वर ओढून घेतली.

"दिवा इझला," द्वारकाबाई म्हणाली. "माणूस पण असाच इझतो."

"दम रोकून जाता मैं," गयास म्हणाला. "विहिरीत डुबकी मारतो ना मी? वैसाच."

"विहिरीत वर आलास की हवा हाय," मी म्हणालो. "हितं वर येईस्तोवर तू नसशील."

कडुलिंबाची मोठी फांदी तोडली, पाल्यासकट दोराला बांधली आणि पेवात सोडली. वर ओढायची, सोडायची, वर ओढायची. पाला खालची मेलेली हवा घुसळून वर आणतो. मधेच बादलीनं पाणी उडवायचं. पहिल्यांदा मी ओढत होतो. माझे हात थकले, मग प्रितम. मुहूर्ताचे गुरुजी येऊन बसले, त्यांना पाणी दिलं. मग द्वारकाबाईच दोर हातात घ्यायला लागली तेव्हा काकासाहेबानं कुरकुरत तो तिच्याकडून घेतला आणि शर्टाच्या बाह्या वर करून तो फांदी ओढत राहिला. घामानं निथळला. शिव्या कुणाला द्याव्या हे त्याला कळेना, म्हणून तो लिंबालाच देत होता.

दुसऱ्यांदा चिमणी सोडली. अर्ध्याच्या खाली गेली, आणि विझली. पुन्हा फांदी. तिसऱ्यांदा तळाला टेकली. ज्योत बारीक झाली, लवलवली, पण राहिली.

गयासनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या कंबरेला दोर बांधला, गाठ दोनदा बघितली. "दोर हलवत राहायचा. हलला न्हाई की मी ओढणार. तुझं काही ऐकणार न्हाई."

"हौ."

तो उतरला. मी, प्रितम आणि काकासाहेब दोरावर. दोर सरकत गेला, मग सैल झाला. एकदा हलला. पुन्हा हलला. खालून काहीतरी सरकवल्याचा आवाज, कडब्याची सळसळ, खोकला.

मग दोर हलायचा थांबला.

"गयास!"

काही नाही.

"ओढा!" मी ओरडलो. आम्ही तिघांनी ताण दिला. ओझं होतं. जड, लोंबतं, काही हालचाल न करणारं ओझं. लालबीच्या दारात मी कोणत्या तोंडानं जाणार होतो? हात सुटत होते, दोरानं तळवा सोलला होता, आणि ते ओझं वर येत होतं आणि भिंतीला ठोकत होतं, ठक, ठक.

तोंडाशी आलं तेव्हा दिसलं. माणूस नव्हता. घोंगडीत गुंडाळलेलं, माणसाएवढं लांब काहीतरी, दोराच्या त्याच गाठीत.

त्या मूर्खानं कंबरेचा दोर सोडून तो घोंगडीला बांधला होता!

"गयास!" काकासाहेब पेवाच्या तोंडावर पालथा पडून ओरडला. खाली चिमणीची ज्योत निळी, बोटाच्या नखाएवढी झाली होती. "ए मिस्त्री! दोर धर! धर म्हन्तो!" आम्ही दोर सोडवून खाली टाकला. मोनाली दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. दोर लोंबत राहिला. मग ताठ झाला.

या वेळी ओढताना काकासाहेबानं आम्हा दोघांना हातच लावू दिला नाही असं म्हटलं तरी चालेल. गयास वर आला, मुरमावर आडवा पडला, ओठ जांभळे. द्वारकाबाईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग एक थोबाडीत मारली. "दोर सोडतोस व्हय रे, मेल्या!"

तो हसला. खोकला, आणि पुन्हा हसला. "मामी, पहले वो निकलना होना था. मैं क्या, मेरा क्या."

घोंगडी मोनालीनं सोडली. आत एरंडेल पाजलेलं धोतर, आणि धोतरात विमानाचा पंखा. लाकडी, दोन पात्यांचा, नुकता पुसून ठेवल्यासारखा. मधल्या गोलावर ठोकलेले आकडे तिनं बोटानं वाचले, फोनमधल्या जुन्या नोंदीशी ताडले, आणि मान हलवली. हाच.

भूमिपूजन वाडग्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात झालं. गुरुजी म्हणाले, चालतं. पेवाला रात्रभर मोकळं ठेवून बाकीचं दुसऱ्या दिवशी काढलं. पंखांच्या लाकडी फासळ्या, सुतळीनं बांधलेल्या, उसाच्या मोळ्यांसारख्या. शेपटीचं सुकाणू. चालवायचा दांडा. बसायच्या जागेचे पट्टे. जे त्या तोंडातून आत जाईल ते सगळं मिस्त्रीनं सोडवून, तेल लावून ठेवलं होतं. लांब तुळया आणि धड आत जाणं शक्यच नव्हतं. ते माळावर राहिलं आणि लोकांनी नेलं, इंजिन नेलं, पत्रा आणि चाकं नेली. तीच मग बाजारात फिरली.

मोनालीनं सगळं मांडून पाहिलं आणि अवघडून म्हणाली, "काका, खरं सांगते. एवढ्यावर याला विमान म्हणून मोजता येणार नाही. धड नाही, तुळया नाहीत. जगात उरलेली दोनच. हे तुकडे म्हणून वेगळे नोंदवीन."

"दोन तर दोन," गयास म्हणाला. "तुमची गिनती तुमच्याजवळ ठेवा, बेटा." त्याला दुसरीच घाई होती.

टेम्पोत पंखा आडवा घालून आम्ही जुन्या जालन्याला गेलो. गयास आता आईला घेऊन तिथेच राहतो. गयासच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. दोघांनी पंखा खांद्यावर घेतला. कापडाच्या दुकानांतून लोक बाहेर आले. एका ऑटोवाल्यानं विचारलं, "चाचा, कूलर केवढा मोठा हाय?" ज्यांना दाखवायचं होतं, ते टोमणे मारणारे सगळे कधीच मातीत गेले होते. गयास सरळ चालत होता.

लालबी दारातल्या बाजेवर बसली होती. डोळ्यांनी फार दिसत नाही. गयासनं पंखा तिच्या पायाशी ठेवला, तिचा हात धरून लाकडावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पेव, घोंगडी, एरंडेल, द्वारकाबाई. बोलता बोलता रडला.

"अम्मा, अब्बा ने बेचा नहीं."

म्हातारीनं पात्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. घाईनं नाही.

"मेरेकु कब शक था?" ती म्हणाली. "शक तो तेरेकु था."

गयासनं डोळे पुसले.

"पर तू तो उठ के अंदर जाती थी..."

"तू मेरेकु ऐसा देखता था, जैसे मैं चोर की बीवी है. सामने कायकू बैठना था?"

मी बाहेर बघायला लागलो. गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो. मागे वळलो तेव्हा गयास आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता, आणि लालबी एका हातानं पंखा आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं चाचपत होती. मला म्हणाली, "परसाद बेटा, खडा कायकू है? अंदर आ. और ये लकडी दरवाजे में से हटाओ, सालेहा पानी लेके आती, पैर में आएगा उसके."

सालेहा म्हणजे गयासची सून. आम्ही पंखा उचलला आणि कुठे ठेवावा म्हणून त्या एवढ्याशा घरात फिरलो. कुठेच मावेना. शेवटी तिच्याच बाजेखाली सरकवला.